दत्तक अस्थी

मावशी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी नाशिकच्या अमरधामात आम्ही अस्थी सावडण्यासाठी जमलो, आणि निवलेल्या राखेवर दूधपाणी शिंपडून, पायांपासून आरंभ करून एकेक अस्थी नव्या मडक्यात ठेवण्याचे काम चालू असता, मांडीच्या जागी वीतभर लांबीचा, आगीने निळसर-करडी झाक आलेला धातूचा एक दांडा आणि त्याच्या शेजारी सुटून पडलेला लिंबाएवढा एक गोळा हाती लागला. अकरा वर्षांपूर्वी घरातच पाय घसरून खुबा मोडल्यावर शस्त्रक्रियेने बसवलेला सांधा तो हाच, हे सर्वांच्या ध्यानात तत्काळ आले. गोळा ज्या वाटीत फिरे तिचे प्लास्टिक जळून नाहीसे झाले होते. परंतु टायटॅनियम वितळावयास १६६८ अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते आणि लाकडाची चिता फार झाले तर हजार अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे तो दांडा अग्नीच्या हाती लागूनही जसाच्या तसा राहिला होता. गुरुजींनी तो उचलला, उलटापालटा करून पाहिला, आणि जरा अडखळत विचारले, "भाऊ, हे कशात धरायचं? अस्थींत घ्यायचं, की बाजूला ठेवायचं?"

आमच्यात लागलीच दोन पक्ष पडले. धाकट्या मावसभावाचे म्हणणे असे की ते भंगार आहे, बाजूला ठेवावे. थोरल्याचे म्हणणे असे की आई त्याच्यावर अकरा वर्षे चालली, त्याला भंगार म्हणवत नाही. पोथीत या बाबतीत आधार नाही हे गुरुजींनी प्रांजळपणे कबूल केले. मी गप्प होतो. पण प्रश्न क्षुल्लक नाही एवढे मला त्याच वेळी जाणवले, कारण तो दिसावयास विधीचा असला तरी मुळात शरीराची हद्द कोठवर धरावी याविषयीचा होता. नेदरलँड्समध्ये १९९७ पासून स्मशानांतील असा धातू गोळा करून, वितळवून पुन्हा उपयोगात आणण्याची व्यवस्था झाली आहे, आणि इंग्लंडात त्याच्या विक्रीचे पैसे धर्मादाय कामांस देतात. ही व्यवस्था उत्तमच आहे, पण व्यवस्था म्हणजे निर्णय नव्हे. ज्याची विल्हेवाट लावावयाची ते नेमके काय होते, हे तिने कोणास विचारलेलेच नसते.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत आधी ज्याने हाताळला तो, माझ्या समजुतीप्रमाणे, सुश्रुत होय. आज ज्याला आपण शल्यचिकित्सा म्हणतो तिचे नावच मुळी शल्यावरून पडले आहे, आणि शल्य म्हणजे शरीरात घुसून बसलेली, पीडा देणारी वस्तू: बाणाचे टोक, काटा, लोखंडाचा कपचा. अशा वस्तू ओळखाव्या कशा आणि काढाव्या कशा यांसाठी सूत्रस्थानात त्याने दोन स्वतंत्र अध्याय खर्ची घातले आहेत. म्हणजे ज्या विद्येचा जन्म परकी वस्तू शरीरातून काढून टाकण्यासाठी झाला, तीच विद्या आज परकी वस्तू शरीरात सन्मानाने बसवू लागली आहे. तथापि सुश्रुत वाचताना मला सर्वांत विस्मय वाटला तो दुसऱ्याच एका गोष्टीचा. त्याने शल्याचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक बाहेरून आलेले आगंतुक आणि दुसरे शारीर. आणि या दुसऱ्या प्रकारात दात, केस, नखे यांच्यापासून बिघडलेल्या दोषधातूंपर्यंत सर्व काही घातले आहे. आपलाच दात आपल्याला शल्य होऊ शकतो! म्हणजे वस्तू कोठून आली यावर नव्हे, तर ती शरीरात राहून काय करते यावर तिचे शल्यत्व ठरावयाचे. त्याने हेही नोंदवून ठेवले आहे की सोने, रुपे, तांबे, कथील, शिसे हे धातू शरीरात दीर्घकाळ राहिल्यास पित्ताच्या तेजाने विरून जातात, आणि शिंग, दात, हाड, बांबू, दगड, माती मात्र विरत नाहीत. त्याच्या या यादीत तिसरा वर्ग नाही. जी वस्तू विरतही नाही, सलतही नाही, आणि हाडच आपण होऊन जिला येऊन मिळते, अशी वस्तू त्याच्या पाहण्यात येण्याचा संभव नव्हता.

ती पाहण्यात आली १९५२ साली, स्वीडनमधील लुंड येथे, आणि तीही अपघाताने. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमची एक छोटी नळी हाडात बसवून तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने न्याहाळीत असत. धातू महाग असल्यामुळे काम संपल्यावर नळी काढून घेऊन दुसऱ्या प्रयोगास वापरावी, असा त्यांचा साधा काटकसरीचा बेत होता. पण नळी निघेना. हाड तिच्याशी असे जडून गेले होते की तिला काढावयाचे म्हणजे हाड फोडणे भाग होते. दुसऱ्या एखाद्याने याला प्रयोगातील विघ्न म्हणून कपाळाला हात लावला असता. ब्रोनेमार्कांनी त्या विघ्नालाच आपला विषय केले. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे रोवली. कोणताही धातू शरीर कधीच आपला मानणार नाही ही त्या काळच्या वैद्यकातील रूढ समजूत असल्यामुळे त्यांची बरीच हेटाळणी झाली, आणि १९८२ च्या टोरोंटो येथील परिषदेपर्यंत त्यांना सर्वमान्य दाखला मिळाला नाही.

आता येथे नैयायिकास साक्षीला बोलवावे. दोन वस्तू एकत्र असण्याचे त्याच्या मते दोन प्रकार आहेत. मेजावर पुस्तक आहे हा संयोग. ती दोन्ही आधी वेगळी होती, पुढेही वेगळी करता येतील. तंतूंमध्ये पट आहे हा समवाय. तेथे एकाला सोडून दुसऱ्याला अस्तित्वच नाही. हाडातील टायटॅनियमचा दांडा हा यांपैकी कशात बसतो? कारखान्यात जन्मलेला, पेटीत बंद होऊन आलेला तो दांडा आधी वेगळा होता हे निर्विवाद, म्हणून तो संयोग. पण तो वेगळा करता येत नाही, करू गेल्यास हाडच भंगते, म्हणून तो केवळ संयोगही नव्हे. जो संबंध संयोग म्हणून आरंभला आणि काही महिन्यांत समवायाच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहिला, त्यास नाव देण्याची गरज आपल्या पदार्थशास्त्रास कधी पडली नाही. आत्मा देहाहून भिन्न की अभिन्न यावर आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके वाद घातले, परंतु देह आणि देहात आलेली वस्तू यांच्यामधल्या सांध्याकडे मात्र कोणी फारसे वाकून पाहिले नाही; आणि माझी अशी खात्री होत चालली आहे की आपले-परके यांचा निवाडा त्या सांध्यावरच होतो.

या सांध्याकडे आज सर्वांत बारकाईने कोण पाहत असेल, तर ते लेसर किरणांनी धातूचा पृष्ठभाग कोरणारे लोक. मावशीचा दांडा जुन्या पद्धतीचा होता. त्याचा वरचा भाग धातूची वितळलेली भुकटी फवारून खरबरीत केलेला होता. दुसरी प्रचलित रीत म्हणजे कठीण वाळूचा मारा करून अथवा आम्लाने चरवून पृष्ठभाग खडबडीत करणे; पण वाळूचे कण धातूत रुतून राहतात, म्हणजे शल्यात आणखी शल्य. लेसर पृष्ठभागाला असे काहीच चिकटवीत नाही, तो फक्त काढून घेतो. आणि ते इतक्या त्वरेने, की त्या त्वरेचा विचार करताना मन अवघडते. त्याचा एकेक स्पंद शंभर ते काही शे फेम्टोसेकंद टिकतो. एका सेकंदापुढे एक फेम्टोसेकंद म्हणजे सुमारे तीन कोटी सतरा लाख वर्षांपुढे एक सेकंद. जो प्रकाश एका सेकंदात पृथ्वीला साडेसात प्रदक्षिणा घालील, तो शंभर फेम्टोसेकंदांत केसाची जाडीही ओलांडू शकत नाही. परमाणूला आपली जागा सोडून शेजारच्या जागी जावयास लागणारा काळ तो क्षण, असे योगसूत्रांवरील व्यासभाष्यात म्हटले आहे, आणि वसुबंधूच्या मते बलवान पुरुषाच्या एका चुटकीत असे पासष्ट क्षण असतात. त्या चुटकीच्या हिशेबाने पाहिले तर एका क्षणात या स्पंदांसारखे अब्जावधी स्पंद मावतील. पूर्वजांना हे सर्व ठाऊक होते असे सिद्ध करण्याचा उद्योग मी करणार नाही. तो करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यांनी काळाचे तुकडे मनाने पाडले आणि यांनी यंत्राने, आणि मनाने पाडलेल्या तुकड्यांनी धातू कोरता येत नाही, हा फरक लहान नव्हे.

पण क्षण इतका लहान का हवा, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. प्रकाशाची ऊर्जा प्रथम धातूतील इलेक्ट्रॉन घेतात आणि मग ती अणूंच्या बांधणीस देतात. या देण्याघेण्यास काही पिकोसेकंद, म्हणजे काही हजार फेम्टोसेकंद लागतात. सामान्य लेसर तोवर तापवीतच राहतो, त्यामुळे कडा वितळतात, मळी साचते, शेजार होरपळतो. हा स्पंद मात्र बांधणीला वार्ता पोहोचण्यापूर्वीच संपलेला असतो. मागाहून वरचा पातळ थर उडून जातो आणि शेजारच्या धातूस फारशी झळ लागत नाही. याग संपून गेल्यावर फळ येते, मग मधल्या काळात ते असते कोठे, या शंकेवर मीमांसकांनी अपूर्वाची कल्पना केली होती. येथे ते अपूर्व इलेक्ट्रॉनांच्या तापमानात असते, असे म्हणण्याचा मोह मला होतो, आणि तो मोहच आहे हेही कळते. इतका आखूड असूनही बलवान स्पंद निर्माण करण्याची युक्ती, म्हणजे आधी स्पंद काळात ताणून लांबवावयाचा, मग त्याचे बळ वाढवावयाचे आणि शेवटी पुन्हा आवळावयाचा, ही जेरार मुरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये काढली आणि २०१८ मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळाले.

असे स्पंद टायटॅनियमवर पडले असता त्यावर काही शे नॅनोमीटर अंतराच्या समांतर वळ्या आपोआप उमटतात. एका केसाच्या रुंदीत शंभरावर रेषा बसाव्यात इतक्या बारीक. त्या कोणी एकेक करून ओढलेल्या नसतात. प्रकाशाच्या कंपनाची दिशा ठरविली की वळ्या बहुधा तिच्याशी काटकोन करून उठतात. याहून मोठे, पेशीच्या मापाचे चर किरण फिरवून कोरता येतात, आणि अशा चरांवर सोडलेल्या हाडाच्या पेशी चरांच्या दिशेने लांबट होऊन ओळीने बसतात, जणू तासात पेरलेले बी. शरीरास क्षेत्र म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. त्या क्षेत्राने उपऱ्या धातूचा स्वीकार करावा म्हणून आता धातूलाच आधी नांगरून क्षेत्रासारखे करावयाचे, असा हा उलटा व्यवहार आहे. यातले बरेचसे अजून प्रयोगशाळेतच असले, तरी लेसरने सूक्ष्म चर कोरलेली दातांची मुळे बाजारात आली आहेत.

येथे एक विलक्षण अडचण उभी राहते. कमळाचे पान पाण्यात राहून भिजत नाही, या गोष्टीला आपण अलिप्ततेचा आदर्श मानून आलो. ते का भिजत नाही याचा सूक्ष्मदर्शकीय खुलासा बार्टलोट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये विस्ताराने मांडला. पानावर मेणाने माखलेले अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि पाण्याचा थेंब त्यांच्या शेंड्यांवर तरंगतो. लेसरने तसाच पृष्ठभाग धातूवर करता येतो. पण हाडात बसवावयाच्या दांड्याला अलिप्तता चालत नाही. अलिप्त दांडा म्हणजे सैल दांडा, आणि सैल दांडा म्हणजे वेदना व दुसरी शस्त्रक्रिया. हाडाला लिप्त धातू हवा. दुसऱ्या बाजूने त्याच पृष्ठभागावर जिवाणूंचाही डोळा असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत शरीराच्या पेशी आणि जिवाणू यांच्यात जागेच्या कबजासाठी शर्यत लागते, असे अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये मांडले. जिवाणू आधी पोहोचले आणि त्यांनी आपल्या चिकट पडद्याचा कोट बांधला, की औषधांचीही सहजासहजी मात्रा चालत नाही. म्हणजे एकाच धातूने पेशीशी लिप्त आणि जिवाणूशी अलिप्त असावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा! पेशी वीस-तीस मायक्रोमीटरची आणि जिवाणू एखाद्या मायक्रोमीटरचा, या आकारभेदावर सर्व भिस्त ठेवून असा भेद करणारे पृष्ठभाग घडविण्याची खटपट चालू आहे. सिकाडा नावाच्या किड्याच्या पंखावरील सूक्ष्म खुंट्यांवर बसलेले काही जिवाणू कोणत्याही विषावाचून, केवळ त्या आकाराने फाटून मरतात, असे २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात दिसून आले. त्या मरणात हिंसा कोणाची, हा प्रश्न मी एका जैन स्नेह्यास विचारला. त्यांनी हसून विषय बदलला.

अलिप्ततेविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लेसरने नुकताच कोरलेला टायटॅनियम पाण्याला अधाशासारखा ओढून घेतो, थेंब टाकताच तो पसरून नाहीसा होतो; पण तोच तुकडा काही आठवडे नुसता हवेत ठेवला की पाणी त्याच्यावर मोत्यासारखे गोळा होऊ लागते. धातूला वैराग्य आले की काय? तसे काही नाही. हवेतील सेंद्रिय द्रव्यांचा अदृश्य मळ त्यावर साचलेला असतो. आपल्या भोवतालच्या कित्येक विरक्त पुरुषांविषयी हा विचार मनात आला, तर तो मी दाबून ठेवू इच्छितो.

तथापि पेशी खरोखर धातूला भेटते का? येथे मला शंकराचार्य आठवतात. समवाय दोन वस्तूंना जोडतो म्हणता, तर समवायाला त्या वस्तूंशी कोण जोडतो, आणि त्या जोडणाऱ्याला पुन्हा कोण, अशी अनवस्था दाखवून त्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात वैशेषिकांना कोंडीत पकडले आहे. टायटॅनियमवर हवेचा स्पर्श होताच त्याच्याच ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो, त्यामुळे धातू स्वतः कधी कोणास भेटतच नाही. त्या थरावर रक्त येताच काही सेकंदांत प्रथिने बसतात. तीही स्थिर नसतात, आधी आलेली विपुल प्रथिने हटतात आणि मागून येणारी, अधिक घट्ट धरणारी त्यांची जागा घेतात. हा बदल ज्यांनी उघड केला ते लिओ व्रोमान डच भाषेचे मान्यवर कवीही होते, याचे मला फारसे नवल वाटत नाही. पेशी येते ती या प्रथिनांपाशी, आणि त्यांच्यावरून पलीकडे काय असेल याचे अनुमान करते. मधल्याला मधला, त्यालाही मधला. आचार्यांनी ज्या अनवस्थेने प्रतिपक्षाचा पराभव केला, तिच्याच आधारावर मावशी अकरा वर्षे रामकुंडावर चालत जात होती.

आणि हाडाने तरी धातूला आपले म्हटले होते का? ब्रोनेमार्कांचेच शिष्य तोमास आल्ब्रेक्टसन यांनी अलीकडे असे मत मांडले की हाडाचे धातूभोवती जमणे हा प्रेमाचा प्रकार नसून बंदोबस्ताचा आहे. बाहेरून आलेल्या वस्तूला शरीर हाडाच्या भिंतीने वेढून बाजूस ठेवते, आणि त्या वेढ्यात जो समतोल साधतो त्यालाच आपण यश म्हणतो. हे वाचले तेव्हा मी काहीसा खिन्न झालो. ज्याला इतकी वर्षे आलिंगन समजत होतो तो वेढा निघाला. मग विचार करता करता वाटले की आलिंगन आणि वेढा यांचा आकार एकच असेल आणि दोन्हींवर माणूस भार टाकून उभा राहू शकत असेल, तर त्यांतील हेतूचा पंचनामा करण्याचा अधिकार मला कोणी दिला? घरात आलेल्या सुनेला पहिल्या वर्षी माया मिळते की नुसता बंदोबस्त, हे पुष्कळ घरांत सासूलाही सांगता येत नाही.

मावशी त्या पायाला "माझा दत्तक पाय" म्हणे. पाऊस पडण्याआधी तिचा उजवा, अंगचा गुडघा ठणके आणि दत्तक पाय गप्प असे, तेव्हा ती म्हणे, "औरसानं छळलं, दत्तक बिचारा कधी बोलला नाही." त्या वेळी मी हे थट्टेवारी नेले, पण स्मशानात गुरुजींच्या हातात तो दांडा पाहिल्यापासून तिचा शब्द मला सोडीना. आपल्या धर्मशास्त्राने रक्ताचा नसलेला पुत्र होम करून, नाव-गोत्र बदलून पिंडाचा व वारशाचा हक्कदार केला. इतकेच नव्हे, तर दत्तक घ्यावयाच्या मुलात पुत्राची छाया असावी, अशी अट घातली, आणि सतराव्या शतकात काशीच्या नंदपंडिताने दत्तकमीमांसेत त्या छायेचा बराच काथ्याकूट केला. द्रव्य परके असले तरी चालेल, पण छाया पाहिजे. एखाद्या प्रयोगशाळेतला तरुण काळोख्या खोलीत लेसरखाली धातूचा तुकडा सरकवून त्याच्या अंगावर हाडाला ओळखीच्या वाटतील अशा वळ्या उठवीत असतो तेव्हा तो त्या धातूला ही छायाच देत असतो, असे मला वाटते. आणि ज्या शास्त्राने दत्तकाला पिंड देण्याचा अधिकार दिला, ते शास्त्र दत्तकाला मडक्यात जागा नाकारील, हे मला संभवनीय वाटत नाही.

हे सर्व मला त्या सकाळी सुचले असते तर मी गुरुजींना मोठ्या ऐटीने सांगितले असते. सुचले नाही. झाले ते असे, की दांड्याच्या खरबरीत भागावर हाडाचे काही पांढरे कण चिकटलेले गुरुजींना दिसले, आणि निदान ते तरी अस्थींत जावेत म्हणून त्यांनी प्रथम बोटाने, मग एका काटकीने, मग खिशातल्या किल्लीने ते खरवडण्यास सुरुवात केली. थोडे निघाले, थोडे निघेनात. ऊन चढत चालले होते, मागे दुसऱ्या एका घरची मंडळी ताटकळत उभी होती. गुरुजींनी किल्ली पुसून खिशात टाकली, दांडा दुधाने धुतला, आणि काही न बोलता मडक्यातल्या अस्थींवर आडवा ठेवून मडक्याचे तोंड बांधण्यासाठी माझ्याकडे फडके मागितले.